विश्वंभरचं सुतक

पापडाचं पीठ कुटायला घेतलं की त्याचा आवाज मळमड्डीच्या आमच्या गल्लीतून थेट स्टेशनापर्यंत जायचा. नुसती धपधप नव्हे, मध्येच बांगड्या वाजायच्या, मध्येच शेजारच्या पद्मक्काचं हसणं यायचं, आणि दुपारची गाडी सुटली की तिची शिट्टी त्यात मिसळायची. त्या आवाजावरूनच लोकांना कळायचं, यंदा कुणाच्या घरी लग्न आहे. त्या वर्षी ते आमच्या घरी होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, कमलअक्काचं, पुण्याला ठरलं होतं. धारवाडच्या मुलीचं पुण्याला ठरणं म्हणजे काय, हे आता सांगून कळायचं नाही. आईनं देवीला नारळ तर बोललाच होता, वर खणही बोलला होता.

ठरल्या दिवसापासून अक्कानं शुद्ध बोलायचं मनावर घेतलं. आमची मराठी म्हणजे कानडीच्या शेजारी राहून तिच्याच वळणावर गेलेली. 'होय की', 'बस की जरा', 'कुठं निघालीस बे'. अक्का 'बे' म्हणणाऱ्याकडे बघेनाशी झाली. एकदा जेवणं झाल्यावर तिनं आईला विचारलं, "आपलं जेवण झालं का?" आई घाबरली आणि तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघायला लागली.

त्याच्या थोडं आधी आमचा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. आम्ही कुठंच गेलो नव्हतो. घर तिथंच, नळ तिथंच, नळाला पाणी नसणंही तसंच. पण मोठी माणसं संध्याकाळी कट्ट्यावर बसून 'आता आपण कोण?' असं एकमेकांना विचारायची आणि उत्तर न मिळाल्यावर जेवायला उठायची. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, शाळेत भूमिती शिकवत. ते म्हणायचे, "रेघ सरकली म्हणून बिंदू सरकत नाही." हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडायचं. बाकी कुणाला कळायचं नाही.

मला या कशाचंच काही नव्हतं. मी परकर नेसायच्या वयाची होते आणि गुप्तहेर विश्वंभरची भक्त होते. भक्तच म्हणते, दुसरा शब्द नाही. बाजारातल्या वाचनालयात त्याची पातळ पातळ पुस्तकं मिळायची, कागद असा की बोट लावलं तर शाई बोटाला. विश्वंभर गिरगावात राहायचा, भर उन्हाळ्यात कोट घालायचा, लग्न करायचा नाही, आणि गुन्हेगार समोर आला की डावी भुवई वर करायचा. ती भुवई वर करायचा सराव मी आरशासमोर इतका केला की माझी डावी भुवई आजही उजवीपेक्षा वर आहे. डोळ्यांचे डॉक्टर दर वेळी विचारतात, काही झटका वगैरे येऊन गेला का.

पापड लाटायला गल्लीतल्या बायका आमच्या पडवीत जमायच्या. चार हात चालत असले तरी कान मोकळे असतात, म्हणून मला मध्ये बसवून विश्वंभर सांगायला लावायच्या. मोबदला म्हणून कच्च्या पिठाची लाटी, तेलात बुडवलेली. मी निम्मं मराठीत, निम्मं कानडीत सांगायची. कुठं भाषा बदलली हे सांगणारीला कळत नव्हतं, ऐकणारींना तर नाहीच. मग पुस्तकं संपली. वाचनालयवाला म्हणाला, नवीन येतील तेव्हा येतील. आणि इकडे पद्मक्का लाटणं आपटून विचारत होती, "मुंद एनातु, शकू? पुढं काय झालं?" आता लाटी तर हवी होती. मी पुढचं स्वतःच सांगायला लागले.

माझा नातू म्हणतो, आज्जी, हल्ली जगभर पोरं असंच करतात, आवडत्या नायकाच्या गोष्टी आपल्या आपणच पुढं रचतात, त्याला नावसुद्धा आहे. असेल बाबा. आमच्या वेळी त्याला 'शकूच्या थापा' म्हणत.

माझा विश्वंभर हळूहळू बदलला. गिरगाव कुठं हे बायकांना ठाऊक नव्हतं आणि दर वेळी मला समजवावं लागायचं, म्हणून मी त्याला रायापूरला आणून ठेवला. हुबळीच्या रस्त्यावर, मोटारीतून दिसतं ते कौलारू घर. त्याला विधवा आई दिली. ती त्याला भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची आणि म्हणायची, चोर कुठं पळून जात नाहीत, आधी खाऊन घे. मोटार काढून घेतली, सायकल दिली. हुबळीला तपासाला गेला की तो चुरमुऱ्यांचं गिरमिट खायचा, जास्त कांदा घालून. बायका जाता येता त्याची चौकशी करायला लागल्या. कुणाचं भांडं हरवलं तरी म्हणायच्या, विश्वंभरला सांगा.

या बायकांत तिघी मुख्य. पद्मक्का आमची भिंतीला भिंत लावून शेजारीण, घरात कानडी. आई एकदा वर्षभर अंथरुणाला खिळली होती तेव्हा कमलअक्का या पद्मक्काच्याच मांडीवर वाढली. समोरच्या मथूमावशी, घरात मराठी, आणि त्याचा अभिमान नवीन राज्य झाल्यापासून एकदम वाढलेला. आणि पद्मक्काची सासू अंबक्का, म्हातारी. ती लाटायची नाही, कोपऱ्यात बसून लाट्या करायची, आणि सोवळ्याओवळ्यात तिचा शब्द शेवटचा.

एका दुपारी विश्वंभर दरोडेखोरांना चुकवून रायापूरच्या एका गवताच्या गंजीत लपला होता. बाहेर शत्रू, आत अंधार, आणि त्या अंधारात त्याला विंचू चावला. मी आवाज चढवून सांगितलं, "आणि विश्वंभर कळवळला, आई आई गं."

पद्मक्काचं लाटणं थांबलं. "काय म्हणाला?"

"आई गं."

"विंचू चावल्यावर? शकू, काहीतरी सांगू नकोस. विंचू चावला की माणूस अय्यो यव्वा म्हणतो."

"कानडी माणूस आईला यव्वा म्हणत असेल," मथूमावशी म्हणाल्या. "विश्वंभर मराठी आहे. पुस्तक मराठीत आहे की."

"पुस्तक मराठीत असू दे. माणूस रायापूरचा आहे. जन्मभर रायापूरचं पाणी पिऊन तो आई गं म्हणतो होय?"

मी म्हटलं, बरं, तो काहीच म्हणाला नाही, दात आवळून गप्प बसला. यावर मात्र दोघींचं एकमत झालं. विंचू चावून गप्प बसणारा माणूसच नव्हे. तेवढ्यात अक्का आतून आली आणि आपल्या नव्या भाषेत म्हणाली, "सुसंस्कृत मनुष्याच्या तोंडून अशा प्रसंगी आई गं असंच निघतं. माझ्या तरी दुसरं निघणार नाही." पद्मक्कानं तिच्याकडे एकदा बघितलं. तिच्या हातातला पापड फाटला.

दुसऱ्या दिवशी मराठी बायका पडवीच्या एका बाजूला बसल्या, कानडी दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. विश्वंभर 'होय' म्हणतो की 'हौदु', पापडाला पापड म्हणतो की 'हप्पळ', मनातल्या मनात आकडे कुठल्या भाषेत मोजतो, स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात, यावर नळावर भांडणं झाली. आमच्या आईनं ओल्या फडक्याखाली ठेवलेलं पीठ आंबायला लागलं. पुण्याच्या माणसांपुढं रुखवतात पापडाच्या चळती नसणं म्हणजे काय, हे आईच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "सगळं जग सोडून तुला विंचूच सापडला होय गं?" ती मला म्हणाली.

मग मी ठरवलं, भांडणाचं मूळच काढून टाकायचं. गल्लीत सांगून आले की आज शेवटचं आहे. सगळ्या आल्या, एकमेकींकडे पाठ करून बसल्या. मी सांगितलं. विष चढत गेलं. विश्वंभरनं कोटाची बटणं लावली, भुवई वर केली, आणि गंजीतच प्राण सोडला. एक अक्षर बोलला नाही. ना मराठी, ना कानडी.

 मग अंबक्का उठली, पिठाचे हात धुतले, परसात गेली, आणि लुगड्यासकट डोक्यावरून तांब्या ओतून घेतला.

आई धावली. "अंबक्का, अहो गोष्टीतला आहे तो."

"माझ्या नणंदेचा दीर मी कधी बघितला होता काय? गेला म्हणून कळलं, आंघोळ केली," अंबक्का निथळत म्हणाली. "हा तर रोज दुपारी भेटत होता. आणि शकूच्या तोंडात वाढला, म्हणजे तुमच्याच घरचा. दहा दिवस आता या घरात पापड नाही."

 दुपार टळायच्या आत पद्मक्का पिठलं आणि भात घेऊन आली, वर ताटली झाकून. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचं पिठलं-भात येतं, ही आमच्याकडची रीत. तिच्या मागोमाग मथूमावशीही पिठलं-भातच घेऊन आल्या. भांडण असलं तरी दुःखात मागं राहायचं नाही, असं दोघींच्याही चेहऱ्यावर होतं. पिठलं दोन्हीकडचं चांगलं होतं. पण झाकलेली भांडी गल्लीतून जाताना अख्ख्या मळमड्डीनं बघितली. अण्णा शाळेतून आले तेव्हा दारात वीसेक चपला आणि ओट्यावर पांढरी धोतरं गप्प बसलेली. त्यांनी टोपी काढून हलकेच विचारलं, "कोण?" कुणीतरी म्हणालं, "विश्वंभर." आईच्या माहेरचा कुणी असेल, असं समजून अण्णा सरळ न्हाणीत गेले. खरं कळलं तेव्हा त्यांचं डोकं ओलं होतं.  पंच्यानं डोकं पुसत बराच वेळ भिंतीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दत्तूमामा आले. हे नवरदेवाचे सख्खे मामा, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, घर जुन्या हुबळीत. आमची सोयरीक त्यांनीच जमवलेली आणि मोडायची झाली तर मोडणारेही तेच. रोज धारवाड-हुबळी जा-ये करणाऱ्या कुणाकडून त्यांना कळलं की मुलीच्या घरी सुतक आहे, म्हणून समाचाराला आले होते. गल्लीतल्या बायका पडवीत बसल्या होत्या, आई दाराआड माझं मनगट धरून उभी होती. कुणी मेलं नाही म्हणावं, तर मग पिठलं कसलं? गोष्टीतला मेला म्हणावं, तर या घरात वेड आहे म्हणतील, आणि वेडाच्या घरची मुलगी पुण्याला कोण नेईल?

मामांनी खाली मान घालून विचारलं, "केव्हा झालं?"

अण्णांना खोटं बोलता येत नसे. "काल दुपारी."

"आजारी होते?"

"नाही. गंजीत विंचू चावला."

"अरेरे. वय?"

अण्णांनी दाराकडे बघितलं. "तिशीचे," मी आतून म्हटलं.

"मागं कोण?"

"म्हातारी आई आहे, रायापूरला," अंबक्का म्हणाली आणि तिनं खरोखर डोळ्यांना पदर लावला. "एकुलता एक."

"काय करत होते?"

"हेर होता."

मामांची मान वर आली. "हेर? नाव काय म्हणालात?"

"विश्वंभर."

"कोट घालायचे?"

"उन्हाळ्यातसुद्धा," पद्मक्का म्हणाली.

 मामांनी आपल्या कोटाच्या आतल्या खिशातून एक पातळ पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर ती भुवई. मी ते पुस्तक पाहिलेलंच नव्हतं, नवं कोरं होतं. "हे काय मग?" मामा म्हणाले. "कालपासून गाडीत वाचतोय. पान पासष्टपर्यंत ठणठणीत आहेत. आणि ते रायापूरचे नव्हेत, गिरगावचे आहेत. इथं कसे आले?"

"सायकलवरनं," मथूमावशी म्हणाल्या.

"तुमचा दुसरा कुणी असेल, मामा," अंबक्का समजुतीनं म्हणाली. "नावासारखी नावं असतात. आमचा गेला."

माझ्या मनगटावर आईची नखं रुतली. अण्णांनी डोळे मिटले होते. मामा उभे राहिले. "मारलं कुणी?"

"विंचवानं."

"विंचू धाडला कुणी?"

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मी बाहेर आले. मामा माझ्याकडे रागानं बघत होते असं मला वाटलं, पण त्यांचे डोळे भरलेले होते. "पोरी," ते म्हणाले, "नोकरीत मला हसून बोलणारा एक माणूस भेटला नाही. गाडीत बसलो की हा माझ्याबरोबर असायचा. याला तू गंजीत टाकून आलीस? लग्नाचं मागाहून बघू. आधी याला उठव. हा उठल्याशिवाय माझ्या भाच्याची वरात धारवाडला येणार नाही."

मी म्हटलं, त्यात काय, विष उतरलं आणि तो शुद्धीवर आला. पुस्तकात तो तसा पुष्कळदा शुद्धीवर आला होता. पण अंबक्का हात आडवा करून म्हणाली, "असं कसं? आंघोळी झाल्या, पिठलं खाल्लं. आता तसाच दारात आला तर भूत म्हणतील. गेलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्मावं लागतं. बारसं करा."

मामांनी थोडा विचार केला. "शास्त्रात आहे," ते म्हणाले.

अण्णा पुटपुटले, "भूमितीत नाही." पण कुणाचं लक्ष नव्हतं. मामा निघाले, आणि सुतकाच्या घरातून जाताना 'येतो' म्हणायचं नसतं म्हणून न बोलताच गेले. त्या रात्री आई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी पद्मक्काच्या माळ्यावरचा पाळणा उतरवला. बारशात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, टोपडं घालून, काजळ लावून. हे मराठीतही आहे नि कानडीतही. इथं पुढं बाळ नव्हतंच, म्हणून सगळा मान वरवंट्याला. आदल्या दिवशीच त्यावर लसणीची चटणी वाटलेली, तो वास टोपड्यातूनही येत होता. मामा हुबळीहून जरीचं टोपडं घेऊन आले होते. पाळण्याखालून वरवंटा द्यायचा, वरून घ्यायचा, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. पद्मक्कानं दिला, मथूमावशींनी घेतला. वजनदार होता, दोघींना चार हात एकत्र लावावेच लागले, आणि तिथंच कुणाला तरी हसू फुटलं. आत्या म्हणून कमलअक्काला पुढं केलं. तिनं वरवंट्याला कान कुठं असतो ते शोधलं आणि तिथं हळूच सांगितलं, विश्वंभर. घुगऱ्या वाटल्या.

मथूमावशींनी विचारलंच, "मग आता हा बोलणार काय?"

"कालचं पोर ते," अंबक्का म्हणाली. "बोलायला लागला म्हणजे बघू."

मामांनी दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या, पाळण्याला हात जोडले, चपला घातल्या, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "येतो." आई न्हाणीत जाऊन रडून आली. त्याच दुपारी पीठ पुन्हा कुटायला घेतलं.

लग्न चांगलं झालं. पापडांच्या चळतींना पुण्याच्या बायकांनी बोटं लावून बघितलं. अक्का चारही दिवस इतकं शुद्ध बोलली की तिच्या सासूबाई म्हणाल्या, धारवाडकडची वाटतच नाही. निघायच्या दिवशी अख्खी गल्ली स्टेशनावर आली होती. आम्ही सगळे रडत होतो, फक्त अक्का नाही. ती खिडकीत ताठ बसून प्रत्येकीला सांगत होती, "येते हं. प्रकृतीला जपावं." पद्मक्काला तिनं तेच सांगितलं. पद्मक्का मागं सरकून खांबाजवळ उभी राहिली. वर्षभर मांडीवर वाढवलेल्या पोरीनं 'जपावं' म्हणावं, हे तिला लागलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

गाडीनं हिसका दिला. अक्का खिडकीच्या गजावर आदळली, डबे एकामागून एक हलले, आणि फलाट मागं जायला लागला. तेव्हा तिच्या तोंडून ते निघालं. पुण्याच्या सासूसमोर, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं. "अय्यो यव्वा." गजातून दोन्ही हात बाहेर काढून ती पद्मक्काकडे बघत पुन्हा पुन्हा तेच ओरडत राहिली, गाडी वळणाआड होईपर्यंत.

पद्मक्का गाडीबरोबर थोडी धावली, मग धाप लागून थांबली. मागून मी आणि मथूमावशी पोचलो. तिचा पदर पडला होता, नाक वाहत होतं. भांडण झाल्यापासून ती मथूमावशींशी हट्टानं कानडीशिवाय एक शब्द बोलली नव्हती, बारशातसुद्धा नाही. आता तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदक्यातून म्हणाली, "ऐकलंस काय गं मथू? गेली की माझी बाई. आणि बघ, विश्वंभर आमचाच होता." हे सगळं ती मराठीत म्हणाली, ते तिच्या ध्यानात आलं नाही. मथूमावशींच्या आलं असावं, कारण त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हौदु, अक्का. हौदु."